खिंडीतलं ऊन

सोमवार, १४ जून १९२०

चैत्रापासून या वहीत अक्षर नाही. माफी मागायची तर वहीकडेच मागतो. कामं होती असं लिहायला हात उचलला होता, पण ते खरं नाही. कोर्टातल्या पेशीचे कागद तर रोज लिहीत होतो. स्वतःविषयी लिहायचा कंटाळा आला होता, एवढंच.

कोर्टाला सुट्टी. गावी आलो आहे, पालीच्या पुढं, डोंगराच्या कुशीत. सौ. बरोबर. सुट्टीचं निमित्त, खरं कारण आक्का. माझी थोरली बहीण. विधवा झाल्यापासून इथल्याच घरी, शेत वाट्यानं लावून राहते. वैशाखात ताप आला तो हटता हटेना. आता गेला आहे, पण जाताना सगळंच घेऊन गेल्यासारखा. हात धरून उठवावं लागतं. दवाखान्याचे डॉ. बीडहून घोड्यावर येऊन पाहून गेले. म्हणाले, "औषध संपलं. आता अन्न हेच औषध. एका वेळी चार घासांवर जात नसेल तर वरचेवर द्या. निजण्याआधी एकदा द्याच. एवढं झालं नाही तर मला पुन्हा बोलावून उपयोग नाही."

निजण्याआधी. डॉ. भले आहेत, पण आमचं घर जैनाचं. सूर्य मावळला की चूल बंद. आक्काचा नेम त्याहून कडक: मावळतीनंतर पाण्याचा थेंब नाही की औषधाची पुडी नाही. आणि या गावात मावळतीही घाईची. पश्चिमेला डोंगर, त्यावर सुळका. इतर गावांत अजून रस्त्यावर ऊन असतं तेव्हा आमच्याकडे सूर्य सुळक्याआड गेलेला असतो. आक्का तीच मावळती धरते. तेवढ्यात चूळ भरते, पदरानं तोंड पुसते, संपलं. मग सकाळपर्यंत काही नाही.

मी स्वतः फिरतीवर असलो की रात्री जेवतो. आक्काला ठाऊक आहे. बोलत नाही.


मंगळवार, १५ जून

दिवस केवढा मोठा! बीडला कचेरीच्या अंधाऱ्या खोलीत बसून हे कधी कळतच नाही. तिथं सकाळ म्हणजे पक्षकार आणि संध्याकाळ म्हणजे पाठ दुखणं. इथं पहाटे कोंबड्याच्याही आधी पूर्वेला फटफटतं. जेवण आटोपून, पान खाऊन, वाचून, एक झोप काढून बाहेर यावं तर ऊन अजून अंगणात आहेच. मृगाचे दोन शिंतोडे पडून आकाश पुन्हा मोकळं झालंय. माती भिजल्यासारखी दिसते, भिजलेली नाही.

दुपारी अंगणात उभा राहून माझी सावली पाहिली. वर्षभर उत्तरेला पडते ती या दिवसांत पायाशी गोळा होऊन जरा दक्षिणेला सरकते. कॉलेजात असताना याचं गणित शिकलो होतो. आज नुसतं पाहून बरं वाटलं. भिवाजी धनगर खतासाठी मेंढरं आमच्या शेतात बसवायला आलाय. तो कुंपणापाशी उभा राहून बघत होता.

"वकीलसायेब, सावली कुठं पाडायची ती बी आता कोर्टाला इचारावं लागतंय का काय?"

मी म्हटलं, "अरे, ती दक्षिणेला पडली बघ."

"पडू द्या की. उठंल आपोआप."

रात्री लिहिताना वाटतं, आक्का आत पडली आहे आणि मी बाहेर उजेडाचं सुख घेतो आहे. यात चूक काय ते सांगता येत नाही. तरी चुकल्यासारखं वाटतं. कदाचित सुख हिशेबानं घ्यायची सवय, तिचा दोष.


बुधवार, १६ जून

दिवसभर आभाळ. आक्कानं चांगल्या उजेडातच ताट सारलं.

"सूर्य दिसंना, मग हाय कशावरून?"

मी घड्याळ काढून दाखवलं. ती म्हणाली, "घड्याळाला काय बाबू, ते रातीला बी चालतंय."

आज दुपारनंतर तिच्या पोटात काही नाही. पाणी नाही. सौ. तिच्या पायाशी बसून होती. मला म्हणाली, "मनगट बघा जरा." पाहिलं. बांगडी नसलेलं मनगट आधीच बारीक. आता माझ्या बोटांच्या कड्यात दोन मावतील.


गुरुवार, १७ जून

आत उकडतं म्हणून आक्काची बाज उत्तरेच्या ओसरीवर आणली. ही ओसरी वर्षभर थंड, ओलसर. तिथं आम्ही लाकडं ठेवतो. पण या दिवसांत सूर्य उत्तरेला सरकतो, तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी थोडा वेळ तिथंही ऊन येतं. भिंतीवरचा जुना चुना उजळतो. आक्का म्हणाली, "लाकडांना ऊन मिळतंय, मला का न्हाई मिळायचं."

संध्याकाळी सूर्य सुळक्याआड गेला. आक्कानं अर्धी वाटी कण्या खाल्ल्या होत्या. वाटी ठेवली, चूळ भरली. सौ. भांडी आत घेऊन गेली. मी तिथंच बसून राहिलो, काही विचार न करता.

आणि भिंत पुन्हा तांबडी झाली.

सुळक्याच्या उजव्या अंगाला सरळसोट कडा आहे आणि त्याच्या खाली खिंड. सुळक्यामागून सूर्य उजवीकडे उतरत उतरत त्या खिंडीत बाहेर आला होता. चांगला मोठा, तांबूस. ओसरीच्या खांबाची सावली भिंतीवर रेघ मारल्यासारखी पडली. वाटीभर कण्या सावकाश खाऊन होतील इतका वेळ तो तिथं राहिला आणि मग खिंडीच्या तळाशी गेला.

आक्का डोळ्यांवर हात धरून (तापापासून तिला उजेडाकडे बघवत नाही, पाणी येतं) म्हणाली, "हे काय रे बाबू? आता गेलता न्हवं?"

इतकी वर्षं इथं राहून तिनं हे पाहिलं नव्हतं. या वेळी ती नेहमी देवळात. मी तर लहानपणी बाहेर शिकायला गेलो तो गेलोच.

भिवाजीला विचारलं. त्याला त्यात नवल काही नाही. "पेरणीच्या टायमाला येतंय तसं. पुन्यांदा न्हाई येत वरीसभर. काय तरी इसरून गेल्यासारखं माघारी फिरतंय, घेतंय आन जातंय."

म्हणजे वर्षातून हे थोडेच दिवस. सूर्य जरा दक्षिणेला सरकला की खिंड चुकणार.


शुक्रवार, १८ जून

आज वाद केला. करायला नको होता, तशा रीतीनं तर मुळीच नको होता.

मी म्हटलं, "आक्का, सुळक्याआड जातो तो मावळत नाही. नुसता झाकतो. खरी मावळती खिंडीतली. तोवर दिवस आहे. तोवर खाल्लंस तर नेम कुठं मोडतो?"

"आन बाकीचं वरीस?"

"बाकीचं वर्ष तू मुद्दाम लवकर थांबतेस. तो तुझा जास्तीचा संयम झाला."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटलं मी नुसती भुकी राहते." मग हसायची थांबली. "बाबू, सूर्य मावळला का न्हाई ते तुझ्या पंचांगाला माहीत. पण मी चूळ भरली म्हंजी माझा दिस संपला. तो मी संपवला. आता तू कागद दाखवून माझा दिस वाढवणार का? मुदत हाय का ती?"

मला राग आला. कशाचा? तिच्या अशक्तपणाची काळजी होती हे खरं. पण तिनं मला वकिलीच्या शब्दांत हरवलं याचाही होता. दोन्हीतलं किती कशाचं, ठरवता येत नाही.

सौ. नंतर म्हणाली, "तुम्हाला आठवतं ना, मागं वन्संनी दिवेलागणीला विसरून लवंग तोंडात टाकली होती? दुसऱ्या दिवशी निर्जळ उपास केला. नुसत्या लवंगेसाठी. आता तसा उपास घडला तर त्या उठतील का?"

नाही उठणार. डॉ. नी तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं.

आज आक्का उठून बसलीच नाही.


शनिवार, १९ जून

सौ. नं वाद न करता सोडवलं. संध्याकाळी सूर्य सुळक्याआड गेला तरी तिनं चुळीचा तांब्या पुढं केलाच नाही.

"सुभद्रे, पाणी."

"वन्सं, एक विचारू? वाटी झाकून ठेवते. तुम्ही खाऊ नका. नुसतं थांबा. ऊन परत आलं तर दिवस होताच म्हणायचा, मग खा. नाही आलं तर चूळ भरा. थांबण्यानं तर नेम मोडत नाही?"

आक्का म्हणाली, "ह्याला येवढे पैसे घालून पुण्याला शिकवलं. त्यापरीस तुलाच धाडायला पायजे होतं."

थांबली. पश्चिमेला ढगाची पट्टी होती. ऊन आलं नाही. आक्कानं चूळ भरली. पण थांबली, हे मोठं. आणि एक अट घातली. तिला उजेडाकडे नीट बघवत नाही, डोळ्यांत पाणी भरलं की सगळंच तांबडं दिसतं. तेव्हा मी सांगायचं.

"तू 'आलं' म्हणशील तवाच मी वाटी उघडीन. तुझ्या शब्दावर."

मी हो म्हटलं. माझ्या शब्दावर लोक घरं-शेतं सोडतात. मला कधी एवढं जड वाटलं नव्हतं.


रविवार, २० जून

आलं. खांबाची सावली भिंतीवर काळी कुळकुळीत. मी म्हटलं, "आलं, आक्का." तिनं वाटी उघडली, मुगाच्या पाण्यात भिजवलेल्या कण्या. सगळ्या खाल्ल्या. वर थोडं दूध. मग सूर्य खिंडीच्या तळाशी टेकायच्या आत स्वतः तांब्या मागून घेतला.

नंतर उजेड कितीतरी वेळ रेंगाळला. आम्ही तिघं ओसरीवर. भिवाजीची बायको पलीकडच्या वावरात मेंढ्यांची कोकरं मोजत होती, मोजता मोजता त्यांना शिव्या देत होती. वाऱ्याला वाळल्या गवताचा वास. वर आभाळ पांढरं, मग फिकट हिरवं. चांदणी दिसली तरी हातावरच्या रेषा दिसत होत्या.

आक्का म्हणाली, "येवढा मोठा दिस मी कुठं घालवला आजवर? चुलीपाशी."

सौ. म्हणाली, "आणि आम्ही?"

दोघी हसल्या. मी हसलो नाही. हे वाक्य माझ्याकडे बघून नव्हतं, तरी.


सोमवार, २१ जून

वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. ठरवून काहीही केलं नाही. सकाळी नदीपर्यंत चालत गेलो. येताना जांभळं. दुपारी ओसरीवर पडून वाचलं, झोपलो, पुन्हा वाचलं. आक्का भिंतीला धरून दारापर्यंत आली आणि तिथून भिवाजीला विचारलं, "काय रं भिवा, मेंढरं बसवायची म्हणून आलास, तूच बसून ऱ्हायलास की." तिचा आवाज दोन महिन्यांनी मोठा निघाला. भिवाजी म्हणाला, "आता आक्कासाहेब उठल्या, आमचं बसणं संपलं."

इथपर्यंत लिहून थांबलो होतो. पुढचं लिहायचं की नाही? लिहितो.

संध्याकाळी पश्चिमेला ढग होते, तुटक. सूर्य सुळक्याआड गेला. वाटी झाकून आक्का थांबली. बराच वेळ. सौ. आत. भिंत तांबडी झाली. मी म्हटलं, "आलं."

खात्री होती. म्हणजे तेव्हा होती.

आक्का खाऊ लागली. निम्मी वाटी झाली असेल, तेव्हा माझं भिंतीकडे नीट लक्ष गेलं. भिंत तांबडी होती, पण खांबाची सावली नव्हती. कुठंच सावली नव्हती. खिंडीकडे पाहिलं तर तिथं काळा ढग. वर, डोक्यावर, सगळं आभाळ तांबडं पेटलेलं. ते उन्हाचं तांबडं नव्हतं. सूर्य गेल्यावर ढगांना उरतं ते होतं. किंवा सूर्य ढगामागं असेल अजून, थोडा वर. सांगता येत नाही. मला वाटतं गेला होता.

मी बोललो नाही.

ती म्हणाली, "आज गोड लागतंय." आणि वाटी संपवली.

पहिली निम्मी वाटी माझी चूक. उरलेली निम्मी काय? चूक नव्हे ती. तिला दुसरा शब्द लागेल, आणि तो मी कोर्टात दुसऱ्यांसाठी सहज वापरतो.


मंगळवार, २२ जून

सांगितलं नाही. सकाळी ती स्वतः उठून बसली होती. केस विंचरून घेत होती. सांगितलं असतं तर आज पाणीसुद्धा घेतलं नसतं. डॉ. काय म्हणाले ते डोळ्यांसमोर.

सौ. ला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडणं थांबवलं नाही.

"तुम्हाला पक्कं माहीत आहे का, सूर्य गेला होता?"

"पक्कं नाही."

"मग जे तुम्हालाच पक्कं माहीत नाही त्यासाठी त्यांना उपाशी मारणार?"

"पण नेम तिचा आहे. मी तिच्याऐवजी ठरवतो आहे."

"ठरवा मग. पण एक सांगते. सांगून तुम्हाला हलकं वाटेल, आणि उपास त्या करतील. हे दोन्ही एका पारड्यात घालू नका."

तिचं म्हणणं बरोबर आहे. तरी त्याच्या आडोशाला मी आरामात बसतो आहे, हेही बरोबर आहे.

भिवाजी काल संध्याकाळी माळावर होता. तिथून पश्चिम मोकळी दिसते. त्याला विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. आज तो दोनदा भेटला. मेंढ्यांच्या खुरांविषयी बोललो, पालीच्या बाजाराविषयी बोललो. ते विचारलं नाही. साक्षीदार समोर उभा असताना त्याला न तपासणारा वकील मी पूर्वी पाहिला आहे. आम्ही त्याला काय म्हणायचो ते आठवतं.

संध्याकाळी ऊन स्वच्छ आलं, सावलीसकट. मी दोनदा पाहून मग "आलं" म्हटलं. आक्का म्हणाली, "आज लई उशीर लावलास. झोप लागली का काय?"


बुधवार, २३ जून

आषाढ चढतोय. डोळ्यांना फरक दिसत नाही, दिवस अजून तेवढाच लांब, पण उन्हाचा मोठा डोंगर चढून आपण माथ्यावरून पलीकडे वळलो आहोत हे ठाऊक असतं. खिंडीत सूर्य अजून काही दिवस येईल. सौ. म्हणते, तोवर वन्संना ताकद येईल, मग सूर्य सुळक्याआड जायच्या आधी जेवूनही भागेल.

आज आक्का भिंतीला न धरता ओसरीभर चालली. संध्याकाळी वाटी झाकून बसली असताना सहज म्हणाली, "डोळं निवळलं बघ माझं. त्या खांबाची सावली मला दिसती आता. उद्यापसून मीच बघीन. तुला कशाला घोर."

मी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. तिला परवाचं कळलं असेल का? परवा तिचे डोळे किती निवळलेले होते? ती "गोड लागतंय" म्हणाली तेव्हा कुठं पाहत होती? यातलं काही मी विचारू शकत नाही, कारण विचारणं म्हणजे सांगणंच.

म्हटलं, "बरं."

ऊन आलं. आम्ही दोघांनीही पाहिलं. "आलं," ती म्हणाली, आणि खाल्लं.

माझं काम सुटलं. आता कुणी मला काही विचारणार नाही. उद्या नाही, परवा नाही. गप्प राहणं आता इतकं सोपं झालंय की त्याला गप्प राहणं म्हणायचीही गरज उरली नाही. दोन दिवस मी स्वतःला सांगत होतो की तिच्या जिवासाठी बोलत नाही. ते पुरतं खोटं नव्हतं. पण आज ती चालली. आज मी कशासाठी बोललो नाही?

तिनं उपास धरला तर? सौ. माझ्याशी बोलणार नाही, डॉक्टरही रागावतील. किंवा आक्का नुसती हसेल. किंवा म्हणेल, माझा दिस मी संपवते, तू नव्हे, आणि मग जे करायचं ते करेल. ते तिनं करायचं आहे. ते ठरवणं मी माझ्याजवळ ठेवून घ्यायचं नाही.

सौ. ला झोपण्याआधी म्हटलं, उद्या आक्काला सांगणार. ती म्हणाली, "पोटभर खाऊ दे आधी त्यांना. एवढं तरी ऐका."

ऐकतो.

उद्या: आक्काचं सकाळचं जेवण झाल्यावर, तिच्या शेजारी बसून, सोमवारचं सांगणे.